नेमबाजी क्लबसाठी पोलादी लक्ष्यांची खरेदी : चौकशीपासून पहिल्या गोळीपर्यंत

कागदी लक्ष्याला लागलेली गोळी कागद फोडून मागच्या मातीच्या बंधाऱ्यात थांबते. पोलादी लक्ष्याला लागलेली गोळी जागीच फुटते आणि तिच्यातील शिशाचे व तांब्याच्या आवरणाचे तुकडे कोणत्या ना कोणत्या दिशेने उडतातच. ती दिशा ठरवण्यात नेमबाजाच्या कौशल्याचा वाटा फार थोडा असतो. प्लेट किती कठीण आहे, तिचा पृष्ठभाग किती सपाट आहे, ती कशी टांगली आहे आणि तिच्या आजूबाजूला काय आहे यांवर ती ठरते, म्हणजेच बहुतांशी खरेदीच्या वेळीच ठरते. म्हणून क्लबच्या खरेदी समितीने हे काम टेबल-खुर्च्यांच्या खरेदीसारखे तीन दरपत्रके मागवून आणि सर्वांत कमी दर निवडून उरकू नये, असे मला मनापासून वाटते.

आमच्या क्लबची पहिली पोलादी लक्ष्ये एका वर्कशॉपमधून साध्या पोलादाची कापून आणलेली होती. जाडी १० मिमी होती आणि दिसायला ती भक्कम होती. पिस्तुलाच्या सरावात काही आठवडे काहीच जाणवले नाही. मग एका सभासदाने त्याच प्लेटवर रायफल चालवली आणि पृष्ठभागावर करंगळीचे टोक बसेल एवढे खोल, कडा उचललेले खड्डे पडले. पुढच्या रविवारी पिस्तुलाची एक गोळी त्यांपैकी एका खड्ड्यात लागली आणि तिच्या आवरणाचा नखाएवढा तुकडा सरळ मागे येऊन गुण मोजणाऱ्या स्वयंसेवकाच्या हनुवटीत रुतला. त्याच्या डोळ्यांवर चष्मा होता, म्हणून प्रकरण दोन टाक्यांवर निभावले. जाडी पुरेशी असूनही धातू चुकीचा असेल तर काय होते, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

आधी काडतुसांची यादी, मग प्लेटची चौकशी

पहिली पायरी विक्रेत्याकडे जाण्याची नाही, स्वतःच्या क्लबकडे पाहण्याची आहे. आपल्या रेंजवर कोणती शस्त्रे, कोणती काडतुसे आणि किती अंतरावरून चालतात याचा एक तक्ता करावा. त्यात काडतुसाचे नाव, गोळीचा प्रकार, अंदाजे वेग आणि सर्वांत कमी अंतर एवढे चार रकाने पुरतात. मात्र तो सभासदांना विचारून भरावा, आठवणीवर विसंबून भरू नये, कारण एखाद-दुसऱ्या सभासदाकडे असलेली वेगवान रायफल नेमकी विसरली जाते.

वेगाचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. पोलादाची हानी गोळीच्या वजनापेक्षा तिच्या आदळण्याच्या वेगाने अधिक होते. पॉइंट २२ रिमफायर (०.२२ इंच व्यासाच्या गोळीचे, तळाच्या कडेवर आघात होऊन पेटणारे लहान काडतूस) आणि ९ मिमी पिस्तूल यांच्या गोळ्या साधारणपणे सेकंदाला ३२० ते ३८० मीटर वेगाने सुटतात. चांगल्या कठीण प्लेटवर त्यांनी फक्त रंग उडतो. पॉइंट ३०८ रायफलची गोळी ८०० ते ८५० मीटरच्या आसपास असते. ५.५६ मिमीची हलकी गोळी लांब नळीतून ९५० मीटरच्याही वर जाते, आणि वजनाला निम्मीसुद्धा नसूनही जवळच्या अंतरावर ती पॉइंट ३०८ पेक्षा प्लेटला अधिक बोचते. आदळतानाचा वेग ९०० मीटरच्या पुढे गेला की कठीण पोलादावरही खड्डे पडू लागतात, असे व्यवहारात धरून चालावे.

दुसऱ्या टोकालाही धोका आहे आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सेकंदाला सुमारे २३० मीटरपेक्षा कमी वेगाची गोळी नीट फुटत नाही. ती चपटी होऊन जवळजवळ सगळ्या वजनानिशी परत उसळू शकते. म्हणून फार हळू चालणारी, सौम्य भरणीची काडतुसे पोलादावर वापरू नयेत. छर्‍याच्या बंदुकीतले मऊ शिशाचे छर्रे त्यांच्यासाठीच बनवलेल्या छोट्या लक्ष्यांवर चालतात, परंतु पोलादी गोल छर्रे पोलादी लक्ष्यावर कधीही मारू नयेत, कारण ते फुटतच नाहीत.

पोलादी गाभ्याच्या, कवचभेदी आणि प्रकाशरेषा सोडणाऱ्या काडतुसांना पोलादी लक्ष्यांच्या भागात पूर्ण बंदी असावी. ही काडतुसे प्लेट खराब करतात, आणि त्यांच्या ठिणग्यांनी वा जळत्या द्रव्याने वाळलेले गवत पेट घेऊ शकते. तपासणीसाठी रेंज ऑफिसरच्या टेबलावर एक साधा लोहचुंबक ठेवावा. गोळीला चुंबक चिकटला तर पोलाद गाभ्यात आहे की केवळ आवरणात, याची चर्चा रेंजवर करत बसू नये. चिकटला म्हणजे ते काडतूस या भागात नाही, एवढाच नियम सर्वांना समजतो आणि पाळता येतो.

खेळ कोणता, त्यावर आकार

आकारांच्या बाबतीत हौसेला थोडा आवर घालावा लागतो. क्लब ज्या स्पर्धाप्रकारात उतरणार आहे, त्याच्या नियमपुस्तकातील मापे आधी काढावीत. आयपीएससी (इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन) या संघटनेच्या प्रकारात गोळी लागताच मागे पडणारे पॉपर वापरतात. त्यातील मोठ्या पॉपरची उंची ८५ सेंटिमीटर व वरच्या वर्तुळाचा व्यास ३० सेंटिमीटर असतो, तर लहान पॉपर ५६ सेंटिमीटर उंच व २० सेंटिमीटर वर्तुळाचा असतो. १९८१ मध्ये सुरू झालेल्या स्टील चॅलेंज प्रकारात प्रत्येक टप्प्यावर पाच स्थिर प्लेटा असतात आणि शेवटची प्लेट वेळ थांबवते. मेक्सिकोत रुजलेल्या धातूच्या छायाकृतींच्या खेळात मोठ्या रायफलसाठी कोंबडी २०० मीटरवर, डुक्कर ३०० वर, टर्की ३८५ वर आणि मेंढा ५०० मीटरवर उभा असतो, आणि आकृती नुसती लागून चालत नाही, ती आधारावरून खाली पडावी लागते. बायथलॉनमध्ये ५० मीटरवर पॉइंट २२ ने पाच वर्तुळे टिपायची असतात. पडून नेम धरताना त्यांचा व्यास ४५ मिमी आणि उभ्याने ११५ मिमी धरला जातो. ही यंत्रणा नाजूक असते, त्यामुळे ती त्या कामातल्या उत्पादकाकडूनच घ्यावी, वर्कशॉपमध्ये तिची नक्कल करवून घेऊ नये.

नवा क्लब असेल आणि स्पर्धा अजून दूर असेल, तर माझा सल्ला साधा आहे. २० व ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोल प्लेटा आणि एक-दोन मोठे आयत यांपासून सुरुवात करावी. पडणारी, फिरणारी, झुलणारी लक्ष्ये आकर्षक दिसतात, पण जितके सांधे, बिजागऱ्या आणि स्प्रिंगा अधिक, तितक्या गोळीला भलत्या दिशेने वळवणाऱ्या जागा अधिक.

धातू : येथे घाई करू नये

लक्ष्यांसाठी वापरले जाणारे पोलाद मुळात खाणकामासाठी, डंपरच्या पत्र्यांसाठी आणि दगड वाहणाऱ्या घसरगुंड्यांसाठी बनवलेले झीजरोधक पोलाद असते. बाजारात ते एआर ४००, एआर ५००, एआर ५५० अशा नावांनी मिळते. पुढचा आकडा ब्रिनेल कठिणतेचा, म्हणजे पृष्ठभागावर कठीण गोळा दाबून उमटलेल्या खुणेवरून मोजलेल्या कठिणतेचा अंदाज देतो. साध्या बांधकामाच्या पोलादाची कठिणता त्याच मापावर साधारण १२० ते १५० भरते, यावरून दोहोंतले अंतर कळेल. ही कठिणता पोलाद तापवून वेगाने थंड केल्याने आणि नंतर पुन्हा नियंत्रित उष्णता दिल्याने येते. हे लक्षात राहिले तर पुढच्या निम्म्या चुका टळतात, कारण जे उष्णतेने मिळवले आहे ते उष्णतेनेच जाते. अशा प्लेटचा एखादा भाग सुमारे २५० अंश सेल्सिअसच्या वर तापला की त्याची कठिणता घसरू लागते.

एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. ‘एआर ५००’ हे ठरलेल्या कसोट्यांचे मानक नसून बाजारातले प्रचलित नाव आहे. दोन कारखान्यांच्या एआर ५०० मध्ये रासायनिक घटक आणि चिवटपणा वेगळा असू शकतो. म्हणून दरपत्रकात केवळ हे नाव असेल तर ते अपुरे समजावे. कोणत्या कारखान्याचे पोलाद आहे, त्या ओताचा, म्हणजे एका वेळी वितळवून ओतलेल्या पोलादाच्या खेपेचा, क्रमांक काय आणि चाचणी प्रमाणपत्रात प्रत्यक्ष कठिणता किती नोंदली आहे, हे लेखी मागावे. ५०० दर्जाच्या पोलादाला साधारण ४७० ते ५३० ब्रिनेल हा पट्टा योग्य आहे.

फक्त पॉइंट २२ किंवा पिस्तूल चालणार असेल तर एआर ४०० पुरते का, असा प्रश्न येतो. रिमफायरपुरते ते चालते. परंतु क्लबमध्ये लक्ष्ये एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात हलतात, आणि आज पिस्तुलाच्या भागात असलेली प्लेट उद्या रायफलसमोर उभी राहणार नाही याची हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणून संपूर्ण क्लबसाठी ५०० हा एकच दर्जा ठेवावा, असे माझे मत आहे. एआर ५५० वेगवान रायफलसमोर अधिक टिकते, पण महाग असते, आणि सभासद नियमाने १०० मीटरच्या पलीकडूनच रायफल चालवत असतील तर तिची गरज क्वचितच पडते.

जाडीचा हिशेब त्यामानाने सोपा आहे. रिमफायर आणि साध्या पिस्तुलासाठी ६ मिमी चालते. पिस्तूल व नेहमीच्या रायफली अशा मिश्र वापरासाठी १० मिमी घ्यावी. मॅग्नम जातीच्या जड रायफलींसाठी १२ मिमी किंवा थोडी अधिक जाडी लागते. पोलादाची घनता घनमीटरला ७,८५० किलो असल्यामुळे १० मिमी जाडीच्या एक चौरस मीटर पत्र्याचे वजन ७८.५ किलो होते. त्या हिशेबाने ३० सेंटिमीटरची गोल प्लेट साडेपाच किलोची, तर ४५ बाय ७५ सेंटिमीटरचा आयत साडेसव्वीस किलोचा भरतो. दर आठवड्याला ही लक्ष्ये बाहेर काढणारे आणि आत ठेवणारे हात कोणाचे आहेत, हा विचार मापे ठरवतानाच करावा.

कापणी आणि वेल्डिंग

प्लेट कशाने कापली, हे विचारणे प्लेट कशाची आहे हे विचारण्याइतकेच आवश्यक आहे. पाण्याच्या उच्चदाब धारेने कापल्यास कडेला उष्णता लागत नाही, त्यामुळे कठिणता काठापर्यंत टिकते. लेझरने तापलेला पट्टा अगदी अरुंद राहतो. प्लाझ्माने तो रुंदावतो आणि गॅस कटरने सर्वाधिक रुंद होतो. मोठ्या आयताला थोडा मऊ काठ सोसतो. ज्या लहान गोल प्लेटवर गोळ्या काठालगतच लागतात, तिथे मात्र तोच मऊ पट्टा आधी खड्ड्यांनी भरतो. म्हणून लहान प्लेटा पाण्याच्या धारेने किंवा लेझरने कापलेल्याच घ्याव्यात.

समोरच्या बाजूला वेल्डिंगचा एकही टाका नसावा. मागे हुक किंवा पट्टी वेल्ड केली तरी त्या जागी उष्णता आरपार जाऊन समोरचा भाग मऊ होतो, आणि काही महिन्यांनी वेल्डचा नकाशा समोर खड्ड्यांच्या रूपाने उमटलेला दिसतो. टांगण्यासाठी कापणीच्या वेळीच भोके पाडून घ्यावीत. ती प्लेटच्या वरच्या कानांवर, नेमाच्या जागेपासून दूर असावीत. नंतर क्लबच्या ड्रिलने ती पाडता येतील ही आशा धरू नये, कारण साधा ड्रिल बिट या पोलादावर नुसता तापतो.

टांगणी आणि उतार

सपाट कठीण प्लेटवर फुटलेल्या गोळीचे तुकडे बहुतांशी प्लेटच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, एखाद्या पसरट थाळीसारखे चहूबाजूंना उडतात. वरची कड नेमबाजाच्या बाजूला झुकवून प्लेट सुमारे २० अंश खाली वाकवली, तर त्या थाळीचा नेमबाजाकडचा भाग जमिनीकडे वळतो. म्हणून स्थिर लक्ष्याचा स्टँड घेताना हा उतार त्याच्या रचनेतच आहे का, ते पाहावे. साखळीने टांगलेली प्लेट गोळी लागताच मागे झुलते आणि काही आघात शोषते. मात्र दोन साखळ्या समोरच्या अंगाने अडकवल्या तर उतार उलटा होतो आणि तुकडे वर जातात. जाड रबरी पट्ट्यांवर टांगलेल्या प्लेटा मला अधिक पसंत आहेत, कारण पट्ट्याला गोळी लागली तर ती आरपार जाते, साखळीच्या कडीला लागली तर ती कुठेही जाऊ शकते.

बोल्ट समोर येणार असेल तर त्याचे डोके घुमटाकार, गुळगुळीत असावे आणि नट मागे असावा. स्टँडचा जो भाग नेमबाजाला दिसतो, तो एक तर लाकडाचा असावा किंवा त्याच्यापुढे तिरकी कठीण पट्टी असावी. लाकडी खांब हे मला खर्चाचे वाटत नाहीत. तुकड्यांच्या माऱ्याने ते कुरतडले जातात आणि बदलावे लागतात हे खरे, पण त्यांच्यावरून गोळी उसळत नाही.

पॉपर घेताना आणखी एक गोष्ट विक्रेत्यासमोरच तपासावी. त्याच्या मागचा समायोजनाचा स्क्रू हाताने सहज फिरतो का आणि फिरवल्यावर जागी घट्ट राहतो का, ते पाहावे. स्पर्धेत योग्य जागी लागलेल्या, नियमात बसणाऱ्या सर्वांत सौम्य गोळीने पॉपर पडलाच पाहिजे, आणि वाऱ्याने पडता कामा नये. हा तोल स्क्रूवरच साधला जातो.

जागा आणि अंतर

आयपीएससीचे नियम पिस्तुलासाठी धातूच्या लक्ष्यापासून किमान ७ मीटर अंतर मागतात आणि नेमबाजाची रेषा ८ मीटरवर आखायला सांगतात. सरावात मी १० मीटरच्या आत कोणाला येऊ देत नाही. रायफलसाठी १०० मीटर हे किमान अंतर धरावे. उत्पादकाने याहून अधिक सांगितले असेल तर त्याचेच ऐकावे.

लक्ष्याखालची जमीन मऊ मातीची किंवा वाळूची असावी. खडी, फरशी वा काँक्रीट असेल तर खाली वळवलेले तुकडे तिथून पुन्हा उसळतात आणि २० अंशांचा सगळा खटाटोप वाया जातो. दोन प्लेटा शेजारी ठेवताना एकीची थाळी दुसरीच्या स्टँडला छेदते का, हे कागदावर रेषा ओढून पाहावे, आणि शेजारच्या लेनमध्ये कोणी उभे असेल तर मधे मातीची किंवा लाकडी आडभिंत घालावी. रेंजवरील प्रत्येकाने, प्रेक्षक आणि चहा घेऊन आलेल्या माणसासकट, आघातरोधक चष्मा घातलेला असावा. या खर्चाची तरतूद लक्ष्यांच्याच अंदाजपत्रकात करावी, म्हणजे ती ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणून मागे पडत नाही.

मागणीपत्र आणि माल ताब्यात घेणे

चौकशीचे पत्र जितके नेमके, तितकी दरपत्रके एकमेकांशी पडताळता येतात. आमच्या पत्रातील मुख्य परिच्छेद आता असा असतो : “३० सेंटिमीटर व्यासाच्या, १० मिमी जाडीच्या, ४७० ते ५३० ब्रिनेल कठिणतेच्या झीजरोधक पोलादाच्या १२ गोल प्लेटा, कापणी पाण्याच्या धारेने किंवा लेझरने, समोर वा मागे वेल्डिंग नाही, वरच्या कानांवर दोन भोके, प्रत्येक प्लेटच्या मागे ओताचा क्रमांक न पुसणाऱ्या रंगाने लिहिलेला, सोबत कारखान्याचे चाचणी प्रमाणपत्र, तपासणीत कठिणता कमी भरल्यास माल परत.” शेवटचे वाक्य वाचून काही विक्रेते दरपत्रकच पाठवत नाहीत. त्यांचे न पाठवणे क्लबच्या हिताचे आहे.

माल आला की रंग देण्यापूर्वीच तपासावा. आधी वजन करावे, कारण पातळ पत्रा तराजूवर लगेच उघडा पडतो. मग प्लेटवर पोलादी पट्टी उभी धरून मागून उजेड पाहावा. फट दिसली तर प्लेट वाकलेली आहे. त्यानंतर हातातल्या कठिणतामापकाने, पृष्ठभागावरील काळा थर थोडा घासून, मध्यभागी तीन आणि काठालगत दोन ठिकाणी मोजमाप घ्यावे. असा मापक क्लबकडे नसतो, पण धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळेतून दोन प्लेटांची तपासणी करून घेणे कठीण नाही. मध्य आणि काठ यांच्या आकड्यांत मोठी तफावत असेल, तर कापणीबद्दल विक्रेत्याने लिहिलेले खरे नाही.

वापर, नोंद आणि निवृत्ती

प्रत्येक प्लेटला क्रमांक द्यावा आणि वहीत तिचे एक पान ठेवावे. सराव सुरू होण्यापूर्वी रेंज ऑफिसरने प्रत्येक प्लेट जवळून पाहावी. उघड्या बोटाने पृष्ठभाग चाचपू नये, कारण त्यावरच्या तांब्याच्या कपच्या पात्यासारख्या धारदार असतात आणि शिशाची भुकटी हाताला लागते. हातमोजा घालून नाण्याची कड फिरवावी. नाणे अडकले तर तो खड्डा आहे. खड्डा, तडा किंवा समोरून वाटीसारखा खोलगटपणा यांपैकी काहीही दिसले की ती प्लेट त्याच क्षणी उतरवावी. किंचित बाक आला असेल आणि पृष्ठभाग अन्यथा स्वच्छ असेल, तर प्लेटची मागची बाजू पुढे करून टांगून बाक निघतो का ते पाहता येते.

पांढऱ्या रंगाचे डबे भरपूर ठेवावेत. ताज्या रंगावर प्रत्येक गोळीची राखाडी ठिपक्यासारखी खूण स्पष्ट दिसते, आणि नवा खड्डाही लगेच नजरेत भरतो. लक्ष्याखाली साचलेले शिसे व तांबे ठरावीक मुदतीने हातमोजे व मुखपट्टी वापरून गोळा करावे. कोरडा झाडू मारू नये. काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय कोणी खाण्यापिण्याला हात लावू नये, आणि लहान मुलांना या कामात घेऊ नये.

उतरवलेली प्लेट गोदामाच्या भिंतीला टेकवून ठेवली, तर काही महिन्यांनी कोणीतरी ती ‘अजून चालेल’ म्हणून परत टांगतो. आमच्याकडे हे दोनदा घडले. आता रद्द झालेल्या प्लेटवर त्याच दिवशी लाल रंगाने फुली मारतो, वहीत तारीख लिहितो आणि दोन साक्षीदारांसमोर गॅस कटरने तिचे दोन तुकडे करून भंगारात देतो.